चौदा मिनिटे

"नऊ वर्षांत एकही यंत्र वीस मिनिटं बंद पडलं नाही?" त्यांच्या होऊ घातलेल्या मार्गदर्शक प्राध्यापक कयलविळी यांनी तक्त्यावरची नजर न उचलता विचारले. "एक तर दोन-तीन मिनिटं, नाही तर थेट दोन तास. आणि मध्ये चौदा, चौदा, चौदा. दंडपाणी सार, तुमची यंत्रं घड्याळ बघून बिघडतात का?"

दंडपाणी हसले, पण कान तापले.

कोइमतूरच्या एका पंपाच्या कारखान्यात ते देखभाल-प्रमुख होते. वय त्रेपन्न. अभियांत्रिकी व्यवस्थापनातल्या पार्ट-टाइम पीएचडीची तयारी त्यांनी तीन वर्षे, रोज पाळीवर जाण्यापूर्वी, संख्याशास्त्राची पुस्तके पुढ्यात घेऊन केली होती. कंपनीचे ना-हरकत पत्र वर्षभराच्या विनवण्यांनंतर हाती आले होते, तेही याच प्रवेशापुरते. नोकरीची पाचच वर्षे उरलेली. पुढच्या वर्षी ते पत्र कोणी दिले नसते. मुलाखत गुरुवारी होती. आपल्या देखभाल-योजनेमुळे यंत्रे बंद पडण्याचा काळ निम्म्यावर आला, हा त्यांचा सिद्धांत ब्रेकडाउनच्या वह्यांवर उभा होता, आणि त्या वह्यांच्या प्रत्येक पानाखाली त्यांची सही होती.

"गुरुवारपर्यंत खरे आकडे आणा," बाई म्हणाल्या, "किंवा खरं कारण."

कारण त्यांना ठाऊक होते. पंधरा मिनिटांच्या वर यंत्र थांबले की कामगाराच्या नावानिशी कागद वर जाई आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला जाई. म्हणून लपवता न येणारे दोन-दोन तास सोडले, तर वीस असोत की चाळीस, वहीत चौदाच उतरत. ही रीत कोणी घालून दिली नव्हती. कोणी मोडलीही नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ते लेथवरच्या मरुदाचलमजवळ गेले.

"अण्णा, खरी मिनिटं कुणी कुठे टिपून ठेवली असतील का?"

"खरी मिनिटं?" म्हातारा दहीभात कालवत म्हणाला. "ती आम्ही घरी नेली, सार. माझी तर पोरींच्या फीमध्ये गेली." मग डोळे बारीक करून, "डॉक्टर व्हायचंय तुम्हाला, अन् सुई आम्हाला टोचताय होय?"

"तसं नाही हो."

"मग कसं? माझं नाव खुशाल घाला. सात महिन्यांनी नोकरीतून सुटतोच आहे. बाकीच्यांना मात्र ओढू नका."

गुरुवारी समितीत तिघे होते. अध्यक्षांनी तक्ते चाळले आणि ते मनापासून म्हणाले, "काळ निम्म्यावर! शाब्बास. अशी माणसं आम्हाला हवीत."

कयलविळी दंडपाणींकडे पाहत राहिल्या. प्रवेशासाठी आता नुसते गप्प बसणे पुरेसे होते, हे त्यांना कळत होते आणि दंडपाणींनाही.

"सार, हे आकडे खरे नाहीत," ते म्हणाले. "जिथे चौदा दिसताहेत, तिथे किती होते ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

"कोणी लिहिले?"

"खाली माझी सही आहे."

"सही विचारत नाही मी. लिहिले कोणी?"

"माझी सही आहे, सार."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग तुमच्या संशोधनाला पाया काय राहिला?"

"माणसं खरी मिनिटं का लिहीत नाहीत, हा विषय होऊ शकेल. पण कंपनीचं पत्र वह्यांपुरतं आहे. माणसांना प्रश्न विचारायची परवानगी त्यात नाही. विषय बदलला की पत्र गेलं."

"तर मग नवं पत्र घ्या आणि पुढल्या वर्षी या," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले.

दंडपाणींनी मान डोलावली, कागद एकसारखे केले आणि ते उठले. कयलविळी दारापर्यंत आल्या.

"बोलला नसतात तर आज प्रवेश झाला असता."

"हो मॅडम. आणि पुढची चार वर्षं तुम्ही मला त्याच तक्त्यांवर शिकवत बसला असतात."

कयलविळींना हसू आले नाही. "विषय चांगला आहे, सार," त्या हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर बाकाजवळ तिशीची एक इंजिनीअर बाई फाइल छातीशी धरून उभी होती.

"सार, फार अवघड विचारतात का हो?"

"नाही, अम्मा. आपण जे लिहिलंय तेवढंच विचारतात."

तिने घाईने फाइल उघडली. दंडपाणींनी बाकावरची आपली पिशवी उचलून तिला बसायला जागा करून दिली.