दार लावून घे

समोरच्या काकूंच्या घरात इतकी माणसं मावतात हे मला त्या संध्याकाळी कळलं. जिन्यावर चपलांचा ढीग, दारात ही रेटारेटी, आणि सगळ्यांचे डोळे टीव्हीखालच्या राउटरवर. त्यावरचे बाकीचे दिवे कुणी बघत नव्हतं. बघत होते ते एकच, मागच्या खोलीच्या केबलपाशी लुकलुकणारा हिरवा दिवा.

"आता नीट बघा," लहरीबाबा म्हणाला. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तो म्हणे आकाशातल्या लहरी वाचतो. गळ्यात तांब्याची तार आणि बोलणं इतकं हळू, की ऐकायला माणसाने आपणहून पुढे सरकावं. "जा मुली. आत जा, आणि दार लावून घे."

काकूंची सून खाली मान घालून मागच्या खोलीत गेली. दार लागलं. हिरवा दिवा विझला.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. सगळे नुसते एकेक पाऊल मागे सरले.

"बाहेर ये. आता सासूबाई, तुम्ही जा. दार उघडंच राहू द्या, शुद्ध लहरींना मोकळी वाट हवी." काकू आत गेल्या. दिवा पुन्हा लागलेला होता, तो लागलेलाच राहिला.

"अजून काय पुरावा हवा?" बाबा म्हणाला. "हिच्याभोवती काळी लहर आहे. आज इंटरनेट गिळतेय, उद्या नवऱ्याचा श्वास गिळेल. ही शुद्धी घरी होत नाही. माझ्या केंद्रात यावं लागेल, एकटीने. खाली गाडी उभी आहे."

तिची बॅग भरून भिंतीशी ठेवलेली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि यांच्या समोरच्याच घरात राहते, त्यामुळे आधीचं सगळं रामायण मला माहीत होतं. काकूंचा मुलगा मागच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करतो. तिथे वायफाय पोचत नाही, म्हणून राउटरपासून त्याच्या कॉम्प्युटरपर्यंत केबल नेलेली. हल्ली ऐन मीटिंगमध्ये इंटरनेट जायचं. कंपनीचा माणूस आला, त्याने सगळं तपासलं, "आमच्याकडून लाइन ओके आहे" म्हणाला आणि गेला. इकडे साहेबांनी सांगून टाकलं, की पुन्हा मीटिंग तुटली तर दुसरी नोकरी बघा. मग काकूंच्या लक्षात आलं, की सून खोलीत गेली की इंटरनेट जातं. आणि ते खरंच होतं. खोटं असतं तर सोपं होतं हो! अर्धवट खऱ्याच्याच जिवावर या बाबांची दुकानं चालतात.

पण "दार लावून घे" आणि "दार उघडंच राहू द्या" हे दोन्ही माझ्या कानांनी टिपलं होतं.

"थांबा," मी म्हणाले. "एकदा उलटं करून बघू."

"बाई, ही तुमची शाळा नाही," बाबा म्हणाला.

"नाही ना? मग परीक्षेला का घाबरता?"

मी सुनेला म्हटलं, "तू आत जा, पण दार लावू नकोस." ती आत जाऊन आली. दिवा जसाच्या तसा. "काकू, आता तुम्ही जा आणि दार घट्ट लावा."

"अगं, मी कशाला?"

"जा तर खरं."

काकूंनी दार लावलं. दिवा विझला. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे मलाही बाधली?"

मागून कुणीतरी हसलं. आत आता कुणीच नाही हे मी सगळ्यांना दाखवलं आणि रिकाम्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं. दिवा विझला. आता ही लहर कुणाची?

मी खाली वाकले. केबल बिजागरीकडच्या फटीतून आत गेली होती. दार पूर्ण लागलं की ती चौकटीत चेंगरायची. वरचं आवरण चपटं झालं होतं आणि आतली एक बारीक तार तुटली होती. दार उघडं असताना तिची टोकं एकमेकांना टेकून राहायची, दार लागलं की सुटायची; बाबाने आधी घर बघून हेच हेरलं असणार. मी घरून माझी लांब केबल आणली, दारावरच्या झरोक्यातून आत सोडली, दोन्हीकडे जोडली आणि दार धाडकन लावलं. हिरवा दिवा विझला नाही.

"पण मग हीच आत गेली की का जायचं?" गर्दीतून पुढे येत काकूंच्या मुलाने विचारलं.

उत्तर सुनेनेच दिलं. "तुम्ही मीटिंगमध्ये असताना मी आत आले की दार लावून घ्यायची. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. बाकी या घरात दार लावतं कोण?"

काकू मटकन खाली बसल्या.

"लहर तारेत उतरली होती," बाबा सावरत म्हणाला, "माझ्यामुळेच ती..."

"मग तारेलाच न्या केंद्रात!" मी जुनी केबल त्याच्या हातात कोंबली. लोक आता मोकळेपणी हसले. मघाशी मागे सरकले होते तेच हे लोक, याचा मला संताप आला. बाबा जिना उतरून गेला.

मुलाने बायकोची बॅग उचलायला हात घातला. "ठेव ही आत. सापडलं ना कारण."

तिने बॅग आपल्याकडे ओढून घेतली. "आणि नसतं सापडलं तर?"

त्याने हात मागे घेतला. तुमच्याकडे आहे याचं उत्तर? मला कारण सापडलं हे नशीब. एखादे वेळी ते कुणालाच सापडणार नाही. तेव्हा "माहीत नाही" म्हणा, पुन्हा तपासा, जाणकाराला बोलवा. पण कारण सापडत नाही म्हणून घरातल्या माणसाला कारण ठरवू नका.

"मी काही दिवस माहेरी जाते," असं म्हणून ती निघाली. मी सोबत उतरले. खाली गाडी अजून उभी होती. बाबा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरवर खेकसत होता आणि मागे, अंग चोरून, एक मुलगी बसली होती. तिच्या मांडीवरही बॅग होती.

काकूंच्या सुनेने मागचं दार उघडलं.

"तुझ्या घरी काय बंद पडलं?"

"फ्रीज," ती मुलगी पुटपुटली. "मी हात लावला की..."

"उतर," ही म्हणाली. "आधी प्लग बघू."