एक्सलमधलं रडणं

ट्रकने वर्कशॉपच्या आवारात तीन फेऱ्या मारल्या, पण मागच्या एक्सलने हूं की चूं केलं नाही. जमलेल्या पन्नास जणांनी हात जोडले. काल हाच एक्सल रडत होता. बोलावून आणलेल्या महाराजांनी त्यात मंतरलेलं तेल ओतलं आणि रडणं थांबलं.

महाराजांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने खुलासा केला. ट्रकचा वारलेला मालक म्हणे गिअरच्या दात्यांत अडकला होता. आपल्या बायकोने स्टिअरिंगला हात लावलेला त्याला सोसत नव्हता. आता तो शांत झालाय, पण बाई पुन्हा गाडीवर बसली तर चाकं धरून ठेवील.

बाई म्हणजे त्याची विधवा. वर्षभर तीच हा ट्रक चालवत होती. दोन मुलींचं आणि बसून खाणाऱ्या दिराचं पोट त्याच्यावरच भरत होतं.

दिराने हात पुढे केला. "वहिनी, चावी द्या. दादाला आणखी त्रास नको."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक्सलचे गिअर बदलल्यापासून आवाज येतोय, हे तिनेच घसा कोरडा करून सांगितलं होतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कण्हणं सुरू, दाबला की बंद. मेलेला माणूस काय पाय बघून रडतो? पण तिचं ऐकतो कोण.

चावी मुठीत तशीच ठेवून तिने मिस्त्रीला एक्सलखाली घमेलं सरकवून खालचा बोल्ट काढायला सांगितलं. तेल सांडलं तर सर्वनाश होईल, असं महाराज गरजले. मिस्त्री घुटमळला. तिने त्याच्या हातातला पाना हिसकावला आणि स्वतःच गाडीखाली शिरली.

तेलाची धार लागलीच नाही, गोळे पडले. तिने बोटांत चोळून पाहिलं, तर मंतरलेल्या तेलात कालवलेला लाकडाचा भुसा. दात्यांच्या फटींत भुसा बसला, आवाज दबला, झाला चमत्कार. चार खेपांनंतर बेअरिंगला तेल मिळालं नसतं आणि भरल्या गाडीचा एक्सल उतारावर जाम झाला असता.

"मग आधीचा आवाज कशाचा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

एक्सल खोलायला दोन तास लागले. तेवढ्यात महाराजांना दुसरीकडचं बोलावणं आठवलं. क्राऊन आणि पिनियन ही एकमेकांत फिरणारी दातेरी चाकं कारखान्यात जोडीनेच घासली जातात आणि दोन्हींवर एकच आकडा कोरलेला असतो. इथे आकडे निराळे निघाले, म्हणजे दाते एकमेकांत नीट बसतच नव्हते; रडणं त्याचंच होतं. क्राऊन दादाने स्वतःच्या हाताने बसवलेला, म्हणून दिराने तो काढू दिला नव्हता. नुसता पिनियन नवा घातला होता. मिस्त्रीला हे पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तो शेपूट घालून गप्प बसला होता.

"वाटलं, दादाची तेवढी आठवण राहील," दीर पुटपुटला.

"तुमचा दादा या गाडीत एकदाही रडला नाही, भावजी. वर्षभर मी रडले. ते नाही कुणाला ऐकू आलं."

 

लोकहो, यंत्राच्या प्रत्येक आवाजाला कारण असतं आणि ते खोलून बघता येतं. न खोलताच जो एखाद्या बाईकडे बोट दाखवतो, त्याला आधी आवाराबाहेर काढा.