रोज मारते तशी हाक

केळीच्या बागेत भर दुपारी एकट्यानं जाऊ नये, हे त्या तापीकाठच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण विजेला कोण सांगणार? त्या आठवड्यात लाइट यायची ती नेमकी बाराला. मोटर सुरू झाली की कोणीतरी बागेच्या मधोमध जाऊन ठिबकचा कॉक फिरवायचा. सोमवारी गडी आला नव्हता, म्हणून नूतन गेली.

सतरा वर्षांची पोर, परीक्षेच्या अभ्यासासाठी सुट्टी लागलेली. उन्हातून आत शिरली तर संध्याकाळ झाल्यासारखा अंधार. तिनं कॉक फिरवला आणि मागून हाक आली.

"नूतू, इकडे ये ना."

आवाज काजलचा होता. काजल सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, कॉलेजसाठी शहाद्याला वसतिगृहात राहणारी. दहाच मिनिटांपूर्वी तिथूनच ती ओले केस पुसत व्हिडिओ कॉलवर बोलत होती. आणि 'नूतू' हे नाव जगात तिच्याशिवाय कोणाच्या तोंडी नव्हतं. वारा पडलेला होता, तरी समोरच्या ओळीतली पानं एकामागून एक हलत होती, तिच्या दिशेनं. नूतनची पाचावर धारण बसली. चपला तिथंच टाकून ती घराकडं पळत सुटली.

गावात त्याला नाव नव्हतं, नुसतं 'बागेतलं' म्हणायचे. ते सलग तीन दुपारी हाक मारतं. आणि मेलं असं हुशार, की ज्याच्यात तुमचा जीव अडकलाय त्याच्याच आवाजात. त्यावर उपाय एकच. उंबरठ्यावर बसायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं आणि आवाज कोणाचा होता ते घरच्यांसमोर सांगायचं. मग त्या माणसानं दारात येऊन तीनदा हाक मारायची, आपण ओ द्यायची. की बागेतल्याचा आवाज बसला. मात्र नाव खोटं घेतलं, तर तिसऱ्या दुपारी पाय आपोआप चालायला लागतात.

आई मंगलाबाईनं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. "कोना आवाज व्हता?"

समोर बाप प्रेमचंद उभा, भाऊ ललित उभा. नूतननं दोघांची तोंडं पाहिली. खरं बोललं तर कॉलेज बंद, मोबाइल जप्त, आणि तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या मुहूर्ताला आपलंही लग्न, हे तिला लख्ख दिसलं. बागेतल्याची भीती होतीच, पण घरातली भीती त्याहून जवळची होती.

"आशाआत्याना," ती म्हणाली.

रनाळ्याची आशाआत्या धावत आली. भाचीचा आपल्यावर एवढा जीव, म्हणून डोळ्यांना पदर लावून रडली, दारात उभी राहून खणखणीत तीन हाका मारल्या, श्रीखंड-पुरी जेवून गेली. सगळ्यांना हुश्श झालं. नूतन मात्र त्या दिवशी एक घासही खाऊ शकली नाही.

मंगळवारी बाराला ती घरात होती, दारं लावून, पुस्तक मांडीवर. हाक आली ती परसातून. या वेळी नुसती हाक नव्हती. शहाद्याच्या एसटीत मागच्या सीटवर, ओढणीखाली हात हातात धरून काजल जे कानात बोलली होती, ते शब्दन्‌ शब्द परसातून ऐकू येत होते. पुढचं नूतनला आठवत नाही. ललितनं वेणी धरून ओढली तेव्हा ती भानावर आली. ती बागेच्या बांधावर होती, पाय चिखलानं माखलेले, आणि सोमवारी टाकलेल्या तिच्या चपला पहिल्या ओळीपाशी नीट जोडीनं मांडून ठेवलेल्या.

त्या चपला पाहून प्रेमचंद मटकन खाली बसला. अठरा वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाच्या, भटूच्या, अशाच चपला सापडल्या होत्या. भटू सापडला नाही. भटूनं आईचं नाव घेतलं होतं, आईनं हाकाही मारल्या होत्या, तरी उपाय लागू पडला नाही असं घरात सांगायचे. आजवर नूतनही तेच मानत आली होती. त्या बांधावर तिला पहिल्यांदा वाटलं, काका खोटं बोलला असेल. माझ्यासारखाच घाबरला असेल.

बुधवारी सकाळी अकराला ती आपणहून उंबरठ्यावर बसली. मरायचं नव्हतं तिला. काजलबरोबर म्हातारं व्हायचं होतं.

"काजलना आवाज व्हता, माय."

ललित हसला. मैत्रीणच ना ती, एवढंच ना, म्हणाला. सुटायला वाट होती. हो म्हटलं की झालं. पण अर्धं खरं बागेतल्याला चालेल का, हे कोण सांगणार? नूतननं डोळे मिटले.

"नुसती मैत्रीण नई. मन्हा जीव तिनामा शे."

आईच्या हातातला तांब्या पडला. ललितचं हसू जागच्या जागी वाळलं. प्रेमचंद उठला. आता थोबाडीत बसणार, म्हणून नूतननं मान खाली घातली. पण त्यानं खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली घेतली आणि तो शहाद्याच्या रस्त्याला लागला.

बारा वाजले. परसातून हाक आली, लाडात, हसत. नूतनचे पाय उचलले गेले. आईनं तिला कवेत घट्ट धरलं, ललितनं पाय धरले, तरी ती दोघांना फरफटत मागच्या दाराकडं नेत होती. तेवढ्यात पुढं मोटरसायकल थांबली. दारात काजल उभी होती, घामाघूम. तिच्या मागं प्रेमचंद. त्याच्याकडं चोरून बघत ती कशीबशी म्हणाली, "नूतन."

परसातला आवाज मात्र "नूतू, नूतू" करत होता. नूतनचा हात मागच्या कडीला लागला.

प्रेमचंदनं तिच्याकडं पाठ फिरवली. "पोरी," तो काजलला म्हणाला, "रोज मारस तशी हाक मार. मन्हाकडे देखू नको."

काजल रडायलाच लागली. रडत रडत म्हणाली, "नूतू."

"ओ," नूतन म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचे पाय तिचे झाले होते, आणि परसातला आवाज फाटत फाटत गप्प झाला.

काजल तिच्या गळ्यात पडली. मंगलाबाईनं दोघींच्या पाठीवर हात ठेवला. मग नूतनचं लक्ष बापाकडं गेलं. तो अजून दारातच होता, मान तिरकी करून बागेच्या दिशेनं कान लावून. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

तो सावकाश उंबरठ्यावर बसला आणि त्यानं बायकोपुढं ओंजळ धरली. तिनं विचारायची वाटही त्यानं पाहिली नाही.

"भटूना आवाज शे. 'दादा, दादा' म्हनस." त्यानं मान खाली घातली. "त्यानी मले खरं नाव सांगं व्हतं. त्याना जीव शिवाजीमा व्हता. झाकली मूठ सव्वा लाखनी, म्हणीसन मीच त्याले सांगं, मायनं नाव ले."

मंगलाबाईनं पाणी ओतलं. नाव खरं होतं. आता भटूनं दारात येऊन तीनदा हाक मारायची होती.

सगळे दाराकडं बघत बसले.