मागच्या सीटची जाळी

चार वाजता आंबिवलीचा माणूस जुनी गाडी विकत न्यायला येणार होता आणि रवींद्र सकाळपासून सात वेळा खाली पार्किंगमध्ये जाऊन आला होता. त्याच्या बायकोने, रचनाने, शेवटी विचारणंच सोडलं.

गाडी बारा वर्षांची, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. मंगळवारी पत्रीपुलावर लाल त्रिकोण पेटला आणि गाडी मरगळली. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून पाच मिनिटांत निकाल दिला, मोठी बॅटरी संपली, गाडी काढून टाका. रवींद्रने तिथूनच चेन्नईला ट्रेनिंगला गेलेल्या मुलाला, अपूर्वला, फोन लावला आणि चारचौघांसमोर तोंडसुख घेतलं. गणपतीत गावाला नेलीस, घाटात रेटलीस, तुझ्या हातात यंत्र टिकतच नाही. अपूर्व एवढंच म्हणाला की मी रविवारी येतोय, तोवर गाडी देऊ नका. आंबिवलीच्या माणसालाही नेमका रविवारच सोयीचा होता.

रवींद्रने वागळे इस्टेटमध्ये तेहतीस वर्षं फिटरकी केली होती. उघडून बघितल्याशिवाय मशीन मेलं म्हणायचं नाही, हा तिथला त्याचाच दंडक. दुसऱ्याच्या तोंडचा निकाल घेऊन आपण पोराला झोडपलं, हे आता काही केल्या पचत नव्हतं.

अडीच वाजता तो मल्टिमीटर घेऊन उतरला. छोटी बॅटरी ठीक होती, कूलंट रेषेवर होतं. जास्त दाबाच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही असं माहितीपुस्तिकेने बजावलं होतं. पुढच्याच पानावर मोठ्या बॅटरीला गार हवा देणारा पंखा आणि मागच्या सीटच्या कडेची जाळी दाखवली होती. ते पान त्याने बारा वर्षांत उलटलं नव्हतं. फिटरला पुस्तिका कशाला, हा तोरा.

गाडी बंद करून त्याने जाळी अलगद काढली. आत बारा वर्षांची धूळ असणार अशी त्याची खात्री होती. निघाला झेंडू. पाकळ्या वाळल्या होत्या, पण पिवळा रंग अजून टिकून होता. त्यात कुंकवाच्या अक्षता. मागची गाळणी गच्च बुजली होती, हवा जायला वाट नव्हती. बॅटरी तापणार नाही तर काय.

ही फुलं कुठली, ते रवींद्रला लगेच उमगलं. खंडेनवमीला कारखान्यात लेथची पूजा व्हायची, आणि जिथे मशीनचा जीव तिथे हळदकुंकू, अशी त्याची समजूत होती. गाडी आली तेव्हा शोरूमवाल्याने जाळीमागे बॅटरी असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे जीव इथे, असं त्यानेच घरात समजावलं. दरवर्षी गाडी चालू ठेवून जाळीवर ओंजळभर फुलं वाहायची. यंदा उत्साहात दोन ओंजळी. पाकळ्या आत ओढल्या गेल्या की त्याला वाटायचं, गाडीने पूजा स्वीकारली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्याने.

पाकळ्या पेपरावर काढेपर्यंत पावणेचार झाले, आणि गेटातून बॅग घेऊन अपूर्व आला. पेपर गुंडाळून टाकावा असं रवींद्रला क्षणभर वाटलं. मग त्याने तो तसाच मुलापुढे धरला.

"माझीच पूजा ही. तुला उगाच बोललो मी."

अपूर्वने बॅग उघडली. वरच एक मऊ ब्रश आणि हातातला छोटा व्हॅक्यूम होता.

"मला माहितीये, बाबा. दरवर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी ही जाळी साफ करायचो. यंदा चेन्नईला गेलेलो, राहून गेलं."

मग बोलला का नाहीस, असं रवींद्रने विचारलं.

"तुम्ही इतक्या मनापासून वाहायचात."

बॅटरी वाचली की नाही ते गाडी चालवूनच कळणार होतं. तेवढ्यात आंबिवलीच्या माणसाचा फोन आला, तो नाक्यावर पोचला होता. रवींद्रने फोन अपूर्वच्या हातात दिला, काय सांगायचं ते तूच ठरव म्हटलं, आणि ब्रश घेऊन मागच्या सीटवर गुडघे टेकले.