कान शाबूत असलेली मांजर

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, आणि गिऱ्हाईक डोळे बारीक करून पाटी वाचायला लागलं की त्याला काय दिसत नाही ते ओळखायचं. एकोणीस वर्षं हेच चाललंय. आणि माझ्या सख्ख्या आईला ऐकू येत नाही, हे मला चार वर्षं कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कळलं तेही तिची मांजर मेल्यावर. मांजरीचं नाव कारभारीण. चौदा वर्षांची झाली, एका दुपारी खिडकीतल्या उन्हात झोपली ती उठलीच नाही. आई दोन दिवस धड जेवली नाही, ते मी समजू शकते. पण त्यानंतर तिचं सगळंच बिनसलं. शेजारीण अर्धा तास दार वाजवत बाहेर आणि आई आत निवांत बसलेली. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा तर कुकर शिट्ट्या मारून मारून कोरडा पडला आणि धूर दिसला तेव्हा ती उठली.

दादा, माझा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. लांबून सल्ले देण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. म्हणाला, "आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मांजरीचा धसका घेतलाय तिनं. रविवारी टेम्पो घेऊन येतो, घर बंद करू." टेम्पो ठरवूनसुद्धा मोकळा. हे दोन खोल्यांचं घर आईनं कापडगिरणीत सव्वीस वर्षं मागावर उभं राहून घेतलंय. ते सोडून दादाच्या सातव्या मजल्यावर ती महिनाभरही टिकली नसती. हे मला माहीत होतं आणि तिलाही.

बुधवारी मी तिच्याकडे गेले. दार वाजवलं, शेवटी माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. आई दाराकडे पाठ करून मटार सोलत होती.

"आई."

काही नाही.

"आई, घराला आग लागलीय."

तिनं आणखी एक शेंग सोलली. मग माझी सावली परातीत पडली, तशी वळून म्हणाली, "कधी आलीस?"

माझं डोकंच सटकलं. तिची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. मी तोंडावर हात धरला आणि विचारलं, "आज वार कोणता?"

"हात काढ तोंडावरून," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. मागांच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतल्या बायका एकमेकींचे ओठ बघून बोलायच्या. त्या खडखडाटानं कान हळूहळू गेले, चार वर्षांपूर्वी पुरतेच, पण ओठ वाचणं राहिलं. समोरासमोर असली की आई ताकास तूर लागू देत नसे. आणि पाठीमागचं सगळं कारभारीण सांभाळायची. दार वाजलं की ती दाराकडे जायची, फोन वाजला की त्याच्याकडे टक लावून बसायची, कुकरची शिट्टी झाली की कॉटखाली पळायची. आई मांजरीकडे बघायची आणि उठायची; फोन उचलून आपलंच बोलायची आणि ठेवून द्यायची.

"झाकली मूठ होती," आई म्हणाली. "ती गेली आणि उघडी पडली."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. चार वर्षं मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून तिला माझी सगळी सुखदुःखं सांगत होते. नवऱ्याशी भांडणं, पोरीचा ताप, सगळं. ती मागून 'हं, हं' म्हणायची.

"कानाचं मशीन घेऊ," मी म्हटलं.

"नको. म्हाताऱ्या घालतात ते."

"तू एकाहत्तर वर्षांची आहेस."

"म्हणूनच नको." मग परात बाजूला सारून म्हणाली, "मांजर आण दुसरी. माझं मांजरीवर भागतं."

रविवारपर्यंत दादाला तोंड देण्याइतकं काहीतरी हवं होतं. गुरुवारी रजा टाकली आणि तिला घेऊन प्राण्यांच्या निवाऱ्यात गेले. तिथली बाई बोलायला मऊ, हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले. तिनं फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, मांजर का हवी. मी लिहिलं, 'आईला ऐकू येत नाही. दार वाजल्यावर उठणारी, कान शाबूत असलेली मांजर हवी.'

बाई हसली नाही. "लोक गोड दिसते म्हणून नेतात आणि चार दिवसांनी आणून सोडतात," ती म्हणाली. "तुम्ही मोठी मांजर घ्या. पिल्लू पुढे कसं निघेल कोणी सांगावं? मोठीचा स्वभाव आम्हाला रोजचा ठाऊक असतो."

मांजरांच्या खोलीत तिनं स्टीलचं भांडं फरशीवर टाकलं. पंधरा मांजरांनी एकदम मान वळवली. एक राखाडी तर थेट भांड्यापाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, झालं काम, हीच.

आईनं भांड्याचा आवाज ऐकला नव्हता. तिनं फक्त माना वळलेल्या बघितल्या, आणि एक न वळलेली. कोपऱ्यातल्या फळीवर निळ्या डोळ्यांची एक पांढरी मांजर आपला पंजा चाटत बसली होती.

"हिला काय झालंय?"

"ठार बहिरी आहे, आजी," बाई तिच्यासमोर येऊन म्हणाली. "तीनदा नेली, तीनदा परत आली. हाक मारली तर बघत नाही, शिष्ट आहे म्हणतात."

आई त्या फळीपाशी गेली आणि पांढरीच्या समोर हात धरला. पांढरीनं हात हुंगला, मग डोकं त्यात ठेवलं.

"ही," आई म्हणाली.

"आई, डोकं ठिकाणावर आहे का? एका घरात दोघी बहिऱ्या? दादा रविवारी येतोय."

"शिष्ट म्हणे." आईनं माझ्या हातातला फॉर्म घेतला, माझी ओळ खोडली आणि खाली सावकाश लिहिलं, 'दार वाजलं की हिला सांगायला कोणी नाही.'

मग पेन मला परत दिलं. "ते मशीनवालं दुकान किती वाजता बंद होतं? घरात एकीला तरी ऐकू यायला हवं."

मी फॉर्म उचलून बाईला दिला.

शुक्रवारी कान तपासले, तिथल्या माणसानं वापरून बघायला एक मशीन दिलं. आई दिवसभर कुरकुरत होती की मी फार मोठ्यानं चालते.

रविवारी सकाळी मी तिच्याकडेच होते, पण ठरवून गप्प बसले. खाली टेम्पो थांबला. दार वाजलं. पांढरी आईच्या पायाशी झोपली होती, तिचा कानही हलला नाही. आई उठली. तशी पांढरीनं डोळे उघडले, चालत्या पायांकडे बघितलं आणि शेपटी वर करून तिच्या मागोमाग दाराशी गेली.

दादा पुन्हा वाजवायला हात वर करून उभा होता.

"कळलं एकदा वाजवलेलं," आई म्हणाली. "आणि आणलाच आहेस टेम्पो, तर ते जुनं कपाट घेऊन जा. हिला पळायला जागा होईल."