धोंड्यांचे दोन ढीग

त्या सोमवारी कळंबच्या गावदेवीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पार भिसेगावाहून गाड्या जुंपून माणसे आली होती, आणि सगळे टक लावून पाहत होते ते धोंड्यांच्या दोन ढिगांकडे. एक ढीग मोठा, मातीने माखलेला. दुसऱ्यात दोनच धोंडे, शेंदूर फासलेले, वर झेंडूची माळ.

“डोळं हायेत ना? मग बगा!” गळ्यात मंतरलेला दोरा बांधणारा भुजंगबुवा ओरडला. “यंदा मेलेल्या पोरामागं येक धोंडा. ह्यो मोठा ढीग सुईवाल्यांचा. सरकारनं दंडाला सुई टोचली, देवी कोपली! आन ह्यो माझा दोरा बांदलेल्यांचा. दोनच! तेबी आयांनी शिळं खाल्लं म्हनून.”

आईने शिळे खाल्ले, बापाने मागे वळून पाहिले, मांजर आडवे गेले. कारणांचा बुवाला कधी तोटा पडला नाही.

त्या वर्षी देवीची साथ जोरात होती. कर्जतचा शकूर दर हिवाळ्यात येऊन पोरांना देवी टोचून जाई. पुढच्या सोमवारी तो यायचा होता. ढीग पाहून गावाने ठरवले की शकूरला शिवेवरूनच परतवून लावायचे आणि राहिलेल्या तान्ह्यांना बुवाचा दोरा बांधायचा. मी शाळामास्तर. मी चार शब्द बोलायला गेलो, तर मलाच खाली बसवले.

संध्याकाळी बायजा माझ्या ओट्याशी आली. तिची ठमी नुकतीच देवीने गेली होती. बुवाच्या शब्दावर तिला सुई टोचली नव्हती, दोराच बांधला होता.

“मास्तर, मला त्या बुवाला मातीत घालायचा हाय. कसा घालू, सांगा.”

“झाले काय?”

“माजी ठमी निपचित पडली, तवा त्यानं इळा घेऊन तिचा दोरा कापला. म्हनाला, इटाळ झाला, दोरा ऱ्हायला नाय. दुसऱ्या दिशी पोर गेली. आन तिचा धोंडा त्यानं सुईच्या ढिगात टाकला, मास्तर! तिच्या आंगाला सुई लागली नव्हती वो. आता आमचं मालक हिरूलाबी दोरा बांदाया निगाल्यात.”

हिरू तिच्या कडेवर अंगठा चोखत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बायजा, तुझ्या कोंबडीची आठ अंडी नासली आणि शेजारणीची सहा. कोणाची कोंबडी वाईट?”

“आसं कसं सांगू? खाली ठेवली किती हुती, ते सांगा की आदी!”

“हेच बुवाला कोणी विचारत नाही. मेलेली किती ते तो दाखवतो. टोचलेली एकंदर किती, दोरेवाली एकंदर किती, ते झाकतो.”

ती हळूच म्हणाली, “जिती पोरं मोजायची नसत्यात, मास्तर. दीठ लागती.”

आमच्याकडे हे सगळीच मानतात. पोरे किती विचारले तर आई म्हणते, हायेत देवाच्या दयेनं. बुवाचा सारा धंदा या एका रीतीवर उभा होता.

“मोजू नकोस,” मी म्हणालो. “नुसती उभी कर.”

पुढच्या सोमवारी बुवा धोंडे रचून बसला, आणि देवळाशेजारच्या खळ्यात बायजा उभी राहिली. घरोघर फिरून तिने बायांना पोरांसकट आणले होते. “ज्याच्या दंडाला सुईचा वण हाय, त्यो हिकडं. ज्याच्या गळ्यात दोरा हाय, त्यो तिकडं.”

वणवाल्या पोरांनी खळे भरले, न मावलेली बांधावर चढली. दोऱ्याच्या बाजूला जेमतेम नऊ पोरे, एकमेकांना चिकटून. सारे गाव न मोजता पाहत राहिले.

“आरं, ह्यो तमाशा काय लावलाय? आई कोपंल!” बुवा किंचाळला.

“कोपू दे. आदी माजं ऐक.” बायजाने मोठ्या ढिगातला एक धोंडा उचलला. “ह्यो ठमीचा. तिला सुई नवती, दोरा हुता. तू कापलास.” तिने तो शेंदरी धोंड्यांत नेऊन ठेवला. मागून कोंडी उठली, मग भागी, मग आणखी एक. त्यांच्याही पोरांचे दोरे बुवाने असेच कापले होते; प्रत्येकीने आपापल्या पोराचा धोंडा शेंदरी ढिगात हलवला.

मग मी बोललो. “दोऱ्याचे सहा गेले, नऊ उरले. म्हणजे शेकडा चाळीस. सुईचे आठ गेले, पण खळ्यात शंभराच्या वर उभे आहेत. शेकडा आठसुद्धा भरत नाहीत, आणि त्यातही तापाने, सापाने गेलेले आलेच. याला मृत्यूचे प्रमाण म्हणतात. नुसता ढीग पाहाल तर फसाल.”

बायजाचा नवरा येसाजी कुऱ्हाड घेऊन पुढे सरसावला. बायजाने त्याला अडवले. “मारू नगा त्याला. मेला तर सुटंल.”

तिने बुवाची झोळी ओढली, ठमीचा धोंडा आत टाकला. बाकीच्या आयांनीही आपले धोंडे टाकले. “उचल! शिवेपत्तर खाली ठेवलीस तर बग.”

वाकलेला, धापा टाकणारा बुवा पोरांच्या मधून निघाला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही. शिवेवर शकूर आपली पेटी घेऊन उभा होता. बुवा गेला आणि शकूर आत आला.

वाचकहो, उद्या कोणी तुमच्यापुढे मेलेल्यांचा ढीग रचला, तर हात जोडण्याआधी विचारा, किती जणांपैकी? जिवंत मोजल्याने दृष्ट लागत नाही. ते न मोजल्याने ठमी गेली. हिरूच्या दंडावर वण आहे, आणि परवाच त्याने माझ्या शाळेची काच फोडली.