दोन ग्रॅमची सुई

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ब्रेकचे पार्ट तपासते. खोट काढायचाच पगार मिळतो मला, आणि घरी आले तरी ती सवय सुटत नाही. पप्पा हे माझ्या तोंडावर सांगतात, माझा दोस्त विक्की माझ्या मागे सांगतो, आणि दोघांचंही खरं आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये रहाटणीहून ज्ञानदेवकाकांचा फोन आला. घराला रंग काढताना त्यांना माळ्यावर एक रेकॉर्ड सापडली होती. काकांची पूर्वी गायन पार्टी होती. जयंतीला, बारशाला, लग्नाला, बोलावतील तिथे जाऊन गायचे. पप्पा, ज्योतीराम, त्यात ढोलकीला होते आणि आई, कस्तुरा, मागे कोरसला. सत्याऐंशी साली कुठल्याशा छोट्या कंपनीने त्यांची एकच रेकॉर्ड काढली. तळहातापेक्षा थोडी मोठी, एका बाजूला एक गाणं. त्यातल्या एका गाण्याचं दुसरं कडवं आईने एकटीने म्हटलेलं. लेबलवर तिचं नाव नाही. 'ज्ञानदेव आणि पार्टी' एवढंच.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. तेव्हा आमच्याकडे साधा फोन होता, त्यात व्हिडिओ कुठला? आई काय बोलायची ते मला सगळं आठवतं. 'वेणी घालून घे', 'दार लाव', 'एवढं खाऊन जा'. पण ते कोणत्या आवाजात बोलायची, ते आठवत नाही. रडू येतं ते याचंच. शब्द सगळे आहेत आणि ते बोलणारं कुणी नाही.

मी आणि पप्पा लगेच रहाटणीला गेलो. काकांनी त्यांचा जुना प्लेअर पुसून ठेवला होता. तबकडी त्याच्यावर चढवली. पप्पा मांडी घालून बसले, आणि त्यांची बोटं आपोआप गुडघ्यावर आली. काका सुई टेकवणार, एवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"काका, ही सुई कधी बदलली होती?"

"सुई? अगं वर्षाली, तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता तेव्हा."

सुट्टीच्या दिवशी मी लॅपटॉपवर बीट बनवते, विक्की त्यावर रॅप करतो. जुन्या रेकॉर्डमधून आवाज कसा उचलायचा यावर मी महिनोन् महिने वाचलं होतं. झिजलेली सुई तबकडीवरच्या रेषा खरवडते, आणि खरवडलेला आवाज परत येत नाही. जगात एकच कॉपी, आणि तिच्यावर तीस वर्षांची सुई?

"एकदा लावू दे गं पोरी," काका म्हणाले. "एकदाने काय होतंय?"

मी नाही म्हटलं. तबकडी ओढणीत गुंडाळली आणि उठले. स्कूटरवर मागे बसलेले पप्पा हळूच म्हणाले, "एकदा ऐकली असती, माय." त्यावर मी काळेवाडी येईपर्यंत त्यांना सुई या विषयावर लेक्चर दिलं.

काकांच्या प्लेअरला बसणारी सुई आता कुठेच मिळेना. मग सुरू झाली दुसऱ्या प्लेअरची, टर्नटेबलची शोधाशोध. पिंपरीत एका दुकानात सूटकेससारखा बंद होणारा होता, स्वस्त आणि दिसायला गोंडस. विक्की म्हणाला, "घे की राव, आवाज आल्याशी मतलब." मी पर्समधून कंपनीतला छोटा वजनकाटा काढला आणि सुई त्याच्यावर टेकवली. सहा ग्रॅम भरली. चांगली सुई दोन ग्रॅमच्या आसपास टेकते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गाणं ऐकायचंय की सोनं घ्यायचंय?" विक्की हसून बेजार झाला. मी हसले नाही. आईच्या आवाजावर मी सहा ग्रॅम ठेवणार नव्हते.

नवे चांगले होते त्यांच्या किमती ऐकून मी दुकानाची पायरी उतरले. शेवटी चिंचवड स्टेशनमागे रेडिओ दुरुस्तीवाले दादासाहेब आहेत, त्यांच्याकडे एक जुना निघाला. मागे वजन पुढेमागे करून सुईचा भार ठरवता येतो असा, आणि मला झेपेल अशा किमतीत. फक्त त्याचा तबकडी फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता आणि सुईचा पत्ता नव्हता. ऑक्टोबरमध्ये पट्टा आला तो सैल निघाला. डिसेंबरमध्ये सुई आली ती दुसऱ्याच मॉडेलची. जानेवारीत आली ती बसली, पण एकाच स्पीकरमधून बोलत होती. प्रत्येक वेळी मी वस्तू परत पाठवली. दादासाहेब म्हणाले, "ताई, चालतंय की एवढं." मी म्हटलं, चालत नाही.

पप्पा रोज विचारायचे, "आलं का?" काकांचे दोनदा फोन आले, ज्योतीरामला घेऊन ये म्हणून. मी दोन्ही वेळा टोलवलं. फेब्रुवारीत एकदा फर्स्ट शिफ्ट करून घरी आले तर पप्पा दारातच भेटले. पायात चपला, हातात पिशवी. पिशवीत रेकॉर्ड. रहाटणीला निघाले होते. मी ओरडले. मशीनवर चुकीचा जॉब लावणाऱ्या ऑपरेटरवर ओरडते तशी, त्रेसष्ट वर्षांच्या माणसावर. धुळीचा एक कण जरी सुईखाली आला तरी सगळं संपेल, कळतं का तुम्हाला, असंही म्हणाले. त्यांनी पिशवी कपाटात ठेवली आणि चपला काढल्या.

तेरा एप्रिलला दादासाहेबांचा फोन आला. सुई बसली, दोन्ही स्पीकर बोलत होते. मी हाफ डे टाकला. स्वतः काटा लावून बघितला. बरोब्बर दोन ग्रॅम. रिक्षात मशीन मांडीवर घेऊन बसले आणि घरी फोन केला. "पप्पा, आणतेय! उद्या जयंतीला सगळ्यांना आईचं गाणं ऐकवू." इतकी खूश मी कधी झाले होते ते आठवत नाही. विक्की वायरी घेऊन खाली थांबलाच होता.

दार उघडलं आणि वास आला. थिनरचा.

पप्पांनी एकतीस वर्षं भोसरीत प्रेस शॉपमध्ये काढली. शिफ्ट संपली की प्रेसची डाय, म्हणजे लोखंडी साचा, थिनरने पुसायची, लख्ख, बोट फिरवलं तरी डाग नको. आतल्या खोलीत ते वर्तमानपत्र अंथरून बसले होते. शेजारी थिनरची बाटली, हातात जुनी बनियन, आणि बनियनवर आईची रेकॉर्ड.

"ये, ये. तुझा फोन आला अन् लगेच बसलो," ते म्हणाले. "बघ की, किती घाण निघायली!"

बनियन काळी झाली होती. ती घाण नव्हती. ती रेकॉर्ड होती. वरची चकाकी गेली होती, पांढुरका थर आला होता, आणि कडेला त्यांच्या अंगठ्याचा ठसा रुतून बसला होता. मी मशीन तिथेच खाली ठेवलं.

"काय झालं?" त्यांचा चेहरा उतरत गेला. "विक्की, काय झालं रे?"

"काका, थिनरने हे विरघळतं," विक्की म्हणाला.

तरीही मी मशीन जोडलं. सुई टेकवली. तळणाच्या कढईसारखा आवाज आला. सुई अडकली, पुढे सरकवली, परत अडकली. मध्येच चार ठोके ढोलकीचे निघाले, आणि पप्पा चटकन म्हणाले, "मी!" पुढे नुसती खरखर. दुसरं कडवं जिथे असायला हवं होतं तिथे मी सुई उचलून ठेवली, पुन्हा उचलून ठेवली. सातव्यांदा ठेवली तेव्हा विक्कीने माझं मनगट धरलं.

"बस कर, वर्षाली."

पप्पा भिंतीला टेकून बसले होते. "धूळ नको म्हणालतीस ना," ते म्हणाले. "म्हणून म्हणलं, पुसून ठेवावी."

"पप्पा, चूक तुमची नाही. माझी आहे." मला हुंदका आवरेना. "काका लावत होते तेव्हाच लावू द्यायला हवी होती. थोडी खरवडली असती, पण ऐकली तरी असती."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळलं नाही. मग मी वेड्यासारखी लॅपटॉपजवळ गेले, माइक लावला आणि त्यांच्यासमोर धरला.

"तुम्ही म्हणा ना. आई म्हणायची तसं. तुम्ही तर शेजारीच बसला होता. मी रेकॉर्ड करते. म्हणा."

पप्पांनी घसा साफ केला. बोटांनी फरशीवर ठेका धरला आणि डोळे मिटून कडव्याची पहिली ओळ म्हटली. दुसरी अर्धी. मग ठेका थांबला. डोळे मिटलेलेच होते आणि त्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं.

"चाल येते, माय," ते म्हणाले. "शब्द येतात. आवाज येईना तिचा. लई दिवस झाले, मलाबी आठवत न्हाई. म्हणून तर म्हणायलो होतो, एकदा ऐकली असती."